भुयारातला उजेड

सुंदरबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, चपला शोधून पायांत सरकवल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "लबाड मानूस हाये मॅडम थो."

तो म्हणजे त्यांचे यजमान, भय्याजी.

आमच्या तुमसरच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते आणि सुंदरबाई प्रयोगशाळा सांभाळतात. खरं तर मलाही त्याच सांभाळतात. पोरांना खाणीत उतरवायची परवानगी मागता मागता माझ्या नाकी नऊ आले, तेव्हा कुठे हे खाण दाखवणारे व्हीआर चष्मे मिळाले. डोळ्यांवर बांधायचे, स्टुलावर बसायचं, मान वळवाल तिकडे खाण. पोरं याला 'बसल्या जागची सहल' म्हणतात. दगडाला हात न लावता कसली आलीय सहल, असं म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. पण खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा चष्मा बांधला आणि मी तिथून लवकर परतलेच नाही. काळ्या मँगनीजमधून वाहत गेलेले गुलाबी पट्टे, वर उंचच उंच छत, आणि कसलाही आवाज नाही. बाहेर आल्यावर कुणाशी बोलावंसंही वाटेना.

भय्याजी याच खाणीत कामाला होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे घातली. बायकांना तेव्हा भुयारात उतरायला बंदी होती. आपण भरून दिलेला डबा नवरा कुठे बसून खातो, हे सुंदरबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं माहेर आंधळगावचं, विणकरांचं. बाप मागावर बसला की चुलीपासून दिसायचा, काय विणतोय तेही दिसायचं. नवऱ्याचं मात्र सकाळी जाणं आणि काळं होऊन परत येणं, एवढंच दिसे. मधलं विचारलं की उत्तर ठरलेलं, तिथं काही नाही. या माणसाला आपल्याला सांगण्याजोगं काहीच वाटलं नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

आणि आता बघतात तर हा महाल.

त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं. जेवायला वाढायच्या, पाणी द्यायच्या, शब्द मात्र नाही. मी समजावून पाहिलं. भय्याजींची छाती आता भात्यासारखी वाजते, डॉक्टरांनी हात टेकलेत, अशा वेळी हा अबोला शोभतो का, असंही म्हटलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मनूनच त अबोला धरला, मॅडम, आता तरी सांगन थो. मानूस गेल्यावर कोनाले विचारू?"



शेवटी एका शनिवारी सुंदरबाई भय्याजींना बपेऱ्याच्या घरून एसटीत घालून घेऊनच आल्या. उंच, वाळलेला माणूस. जिना चढून दारात बराच वेळ उभा राहिला, श्वास जागेवर येईपर्यंत. मी दोघांना शेजारी शेजारी बसवलं, दोघांना चष्मे बांधले आणि सहल सुरू केली.

भय्याजींनी मान वर केली. मग डावीकडे, उजवीकडे. मग म्हणाले की ही आमची खाण नाही.

तीच आहे, मी सांगितलं. ते ऐकेनात. सुंदरबाई फणकारल्या, बघा, अजूनही कबूल होत नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरांना एकेक थर नीट दिसावा म्हणून, सुट्टीच्या दिवशी, मोठमोठे दिवे लावून हे चित्रण केलं होतं. मी तसं सांगितलं. भय्याजी पुन्हा वर बघत राहिले.

"टोपीच्या दिव्यात हातभर दिसे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "म्होरचा दगड अन् आपले हात. हे छत मी आजच पाहून राहिलो."

मग त्यांनी विचारलं, हा उजेड कमी होतो का?

होत होता. मी तो उतरवत गेले. गुलाबी पट्टे विझले, छत गेलं, भिंती गेल्या. सहल एव्हाना पुढच्या अरुंद बोगद्यात सरकली होती. उरला फक्त समोर भाकरीएवढा धूसर डाग.

"हं," भय्याजी म्हणाले. "आता आलो."

सुंदरबाई त्या अंधारात मान फिरवत होत्या. इकडे, तिकडे, मागे. त्यांच्या आवाजातला फणकारा कुठल्या कुठे गेला होता.

"काही दिसून नाही राहिलं जी."

"नाही दिसत."

"अन् तुमी इथंच जेवत होते?"

"हं."

 सुंदरबाईंच्या चष्म्याच्या कडेखालून पाणी गालावर आलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.  इतक्या वर्षांत त्या माणसाने एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि म्हणाल्या, चला, म्होरं दाखवा. भय्याजीही उठले. बसूनच बघायचं असतं, पण मी त्यांना अडवलं नाही. भय्याजींनी चाचपडत त्यांचा हात धरला. मग दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि अलगद खाली दाबला.

"वाक व. इथं डोकं लागते."

सुंदरबाई मुकाट्याने वाकल्या. कॉलेजच्या त्या उंच छताखाली दोघं कमरेत वाकून, एकमेकांना धरून, टेबलांच्या मधून पावलं टाकत निघाले. मी त्यांच्या वाटेतलं स्टूल आवाज न करता उचललं आणि भिंतीला लागून उभी राहिले.