थानबाईंच्या बाहीतली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. माझी एक मूठ वाकली आहे, पण धार अजून बरी आहे. चीनच्या हुनान प्रांतातल्या एका खेड्यात शूलान लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या पेटीतून मीही आले. तिच्या सासूबाई, थानबाई, माझ्याने कापडी बुटांचे तळ कापत आणि माझे कौतुक करत.

एकोणीसशे सत्तावीस साली सगळीकडे क्रांतीचे वारे होते. गावात महिला संघ निघाला. मुली विकू नका, बायकांना शिकू द्या, असे शूलान देवळासमोर उभी राहून बोलू लागली. संघात येणारी प्रत्येकजण केस कापून घेई. मी चाळीस अंबाडे उतरवले. मला फार अभिमान वाटायचा, खोटे कशाला सांगू?

थानबाई भडकल्या. "नवरा जिवंत असताना केस कापलेस? लाज कशी वाटत नाही गं?" त्यांनी मला तांदळाच्या रांजणात लपवले. शूलानने तासाभरात शोधून काढले.

उन्हाळ्यात लष्कर क्रांतीवरच उलटले. शिपाई आखूड केसांच्या बायका हेरून मारू लागले. सोळा वर्षांच्या यूचिनला देवळासमोरच मारले. तिची वेणी मीच कापली होती.

त्या दुपारी थानबाईंनी मला उचलले. वाटले, आता विहिरीत जाणार. पण त्यांनी स्वतःचाच पांढरा अंबाडा कापला.

"आई, हे काय केलंत?"

"गप बस, मान खाली घाल. म्हातारीच्या डोक्याकडे कोण बघतंय?"

काजळीने काळा करून त्यांनी तो शूलानच्या केसांना टाचला. स्वतः डोक्याला फडके गुंडाळले आणि मला बाहीत ठेवले. पुलापलीकडे शूलानचे माहेर होते, तिकडे दोघी निघाल्या.

पुलावरच्या शिपायाने अंबाडा ओढला. तो निघाला नाही, पण शिपायाची बोटे काळी झाली. तो बोटांकडे बघत राहिला.

थानबाईंनी फडके सोडले. "तिला काय चाचपतोस रे? ती नुसती माझी सून. गावातल्या सगळ्या पोरींचे केस मी कापले. ही बघ कात्री."

मला बोलता आले असते तर हे खोटे आहे म्हणून सांगितले असते. एवढी मोठी आरोपी हाती लागल्यावर शिपाई काळी बोटे विसरला. त्याने मला बुटाखाली चिरडले. शूलान पूल ओलांडून गेली. मागून गोळीचा आवाज आला, तरी तिने वळून पाहिले नाही. ते तिला कसे जमले, मला अजून कळत नाही.

शिपाई गेल्यावर शूलान परत आली आणि तिने मला चिखलातून उचलले. आता तिची नात माझ्याने रंगीत कागद कापते.

मित्रांनो, मला तेल द्या, धार लावा. केस ठेवायचे की कापायचे, हे जिचे तिला ठरवू द्या. माझ्या खिळ्यात एक पांढरा केस अडकलेला दिसेल. तो मात्र काढू नका.