वाघाचा खोकला

“एकोणीस... वीस!” गुऱ्हाळावर जमलेलं गाव एका सुरात ओरडलं आणि कल्लाप्पा सुतारानं दोन्ही हातांनी चाक धरून थांबवलं. आकाराम खुर्चीतून उतरला, मिशीवरून हात फिरवला आणि समोरच्या काहिलीपर्यंत सुतासारखा सरळ चालत गेला.

शिट्ट्या वाजल्या. त्याच्या आधी बसलेला नाथाजी पैलवान अजून बांधावर ओकत होता.

ती खुर्ची म्हणजे त्या काळचं नवल. चौऱ्याहत्तर साली कानातल्या तोलाच्या संशोधनासाठी वैद्यकीय परिषदेनं सांगलीच्या डॉ. चंदनबाला मगदूम यांना वर्षाची शिष्यवृत्ती दिली होती. पैसे इतके बेताचे की विलायती फिरत्या खुर्चीचं नुसतं चित्रसुद्धा आलं नसतं. मग कल्लाप्पानं बैलगाडीचा कणा जमिनीत उभा पुरला, त्यावर चाक आडवं बसवलं आणि चाकावर शाळेतली खुर्ची काथ्यानं आवळली. वंगण घातल्यावर ती अशी गरगरे की बसणाऱ्याची सावली दोन फेरे मागे राही.

चंदनबालानं बॅटरी लावून आकारामच्या डोळ्यांत पाहिलं. फिरून उतरलेल्या माणसाची बुबुळं थरथरतात. याची देवाच्या तसबिरीतल्यासारखी जागच्या जागी होती. गावाला ती ताकद वाटली. चंदनबालाला ठाऊक होतं, की कानातला तोल मेल्याशिवाय असं होत नाही.

“दादा, कधी रोजची इंजेक्शनं घेतली होती? दोन-तीन महिने?”

“सुई? आवं डॉक्टरीणबाई, मी सुईला भितो म्हणून बायकू माझ्यासमोर वाकळ शिवत न्हाई!”

“मग चक्कर का येत नाही?”

“म्हापुरात किष्णंच्या भवऱ्यात तीन दिस फिरत हुतो. बिडी सुदिक इझली न्हाई.”

गाव हसलं. वीस वर्षांत गावानं त्याच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नव्हता आणि एकही शब्द चुकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चंदनबालाच्या शाळेतल्या खोलीवर एकटाच आला. बंडीच्या आतल्या खिशातून त्यानं चार घड्यांचं एक कार्ड काढलं. क्षयाच्या दवाखान्याचं. आठ वर्षांपूर्वीची तारीख, नव्वद इंजेक्शनं, एकेका दिवसावर बरोबरची खूण.

“गावाला वाटतंया, तवा मी मेढ्याकडं जंगलात कामाला हुतो. खोकला ग्येला, पर तवापास्नं डोळं मिटलं की भुई जाती. दिस मावळला की मी उंबरा वलांडत न्हाई. भुताच्या गोष्टी सांगतो, म्हंजी कुणी रातीचं उसाला पाणी पाजाया चल म्हणत न्हाई.”

क्षयाच्या सुईनं खोकला जातो, पण कधी कधी कानातला तोलही जातो; चंदनबाला आठ महिने अशाच माणसाच्या शोधात होती. दवाखान्यातून बरे होऊन आलेले सगळे घरी जाऊन कधी आजारीच न पडल्यासारखे राहत. दारात डॉक्टर दिसली की आतून कडी. गुरुवारी मुंबईहून परिषदेचे डॉ. वर्टी येणार होते. एक तरी जिताजागता माणूस दाखवता आला नाही, तर दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती बंद. मग सांगलीला विश्रामबागेत मामांच्या दवाखान्यात कानातला मळ काढत बसायचं.

“माझ्या शालीची सोयरीक पलूसच्या नानासोंकडं जुळलीया,” आकाराम म्हणाला. “क्षयाचं घर म्हटल्यावर...”

तिनं कार्ड होतं त्याच घड्यांवर दुमडलं आणि त्याच्या हातात दिलं.

“मी हे पाहिलं नाही, दादा.”

गुरुवारी वर्टी आले. गुऱ्हाळावर सगळं गाव लोटलं होतं. लग्नाची तारीख धरायला आलेले नानासोही पुढच्या पोत्यावर काकवी चाटत बसले होते. वर्टींनी खुर्ची पाहिली, चाक एकदा फिरवलं, वह्या चाळल्या.

“काम नीटनेटकं आहे, बाई. पण माणूस कुठं आहे?”

चंदनबाला खुर्चीचा काथ्या उगाच आवळू लागली. वर्टींनी पेनाला टोपण लावलं.

“सायेब,” आकाराम पाचटाच्या ढिगावर चढत म्हणाला, “येवढ्या लांबनं आलासा, एक गोष्ट ऐकून जावा.”

“आली थापांची गाडी!” कुणीतरी ओरडलं.

“मेढ्याच्या रानात एक वाघ हुता. त्याला खोकला झाला. डॉक्टर सुई घिऊन ग्येला, तर वाघ पळाला. आता भरलेली सुई वाया कशी घालवायची? मला टोचली! खोकला वाघाला, सुई मला. रोज एक, अशा नव्वद.”

लोक पोटं धरू लागले.

“परत्येकाच्या कानात एक गवंडी बसल्याला असतो, वळंबा धरून. त्यो सांगतो, सरळ उभा ऱ्हा. माझा गवंडी त्या सुयांनी पळून ग्येला. आता नुसतं डोळ्यांनी बगून उभा ऱ्हातो. ह्ये बगा.”

त्यानं डोळे मिटले आणि तोडलेल्या उसासारखा पाचटात आडवा झाला.

हसण्यानं गुळाच्या ढेपा हादरल्या म्हणतात. एकटे वर्टी हसले नाहीत. त्यांनी चंदनबालाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. त्यांनी टोपण काढलं.

“खोकला किती दिवस होता वाघाला?”

“सा म्हैनं, सायेब. रगत पडायचं वाघाचं.”

“आता?”

“आता बरा हाय. पर अंधारात भाईर पडत न्हाई.”

“ऐकायला येतं?”

“झाडावरलं माकाड पादलं तरी ऐकतो!”

“वय काय वाघाचं?”

आकाराम अडखळला. त्याच्या गोष्टीत इतकं खोल आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“बेचाळीस,” मागून बनुबाई म्हणाली. आकारामची बायको गोष्ट चालू असताना कधी तोंड उघडत नसे. बोलली आणि तिनं पदर दातांत धरला.

नानासोंच्या हातातली काकवी धोतरावर सांडली. “आवं इहीणबाई, तुमी बी ह्येच्याच शाळंतल्या व्हय!” ते हसत हसत डोळे पुसू लागले.

वर्टींनी ‘बेचाळीस’ लिहिलं. नावाची जागा कोरी सोडली आणि वही चंदनबालाच्या हातात दिली.

“या वाघाला,” ते हळूच म्हणाले, “पुढच्या वर्षीही तपासावं लागेल.”