कापलेला काठ

“तारीख तुम्ही कापलीत, आणि आता मलाच विचारता, हे चित्र जुनं कशावरून?”

बाईंनी चौकट उलटी करून टेबलावर ठेवली आणि मागचे बारीक खिळे नखाने उपसायला लागल्या. एक निघाला. दुसऱ्याने नख मोडलं. समोर बसलेल्या, संग्रहालय खात्याच्या अधिकाऱ्याने आपला चहाचा कप जरा लांब सरकवला.

“हळू. पुरावा आहे तो.”

“पुरावा होता. माझ्या घरून नेलात तेव्हा होता.”

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. घडा, पान, खुर्ची, पुन्हा घडा. आणि तितकीच वर्षं त्यांनी विलायतेतली दोनशे वर्षांपूर्वीची व्यंगचित्रं जमवली. रद्दीच्या गठ्ठ्यांतून, मेलेल्या वकिलांच्या कपाटांतून, टपालाने. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, मग कोणीतरी घाईघाईत हाताने रंगवलेली, त्यामुळे गालाचा लाल रंग हमखास कानावर गेलेला. राजे, मंत्री, पाद्री, सेनापती. सगळे सुजलेले, सगळ्यांचे हात दुसऱ्याच्या ताटात. त्या काळी ही चित्रं दुकानाच्या काचेत लावायचे आणि रस्त्यावरची माणसं जमून खो-खो हसायची. बाईंनी स्वतः जिवंत माणसाचं नाक कधी वाकडं काढलं नव्हतं. मुख्याध्यापकांचंसुद्धा नाही, आणि ते तर मुळातच वाकडं होतं.

यातली बारा चित्रं संग्रहालयाने प्रदर्शनासाठी मागून नेली. त्यातलं सातवं हे. एक गलेलठ्ठ मंत्री उभा आहे, तीन शिंपी त्याचं माप घेताहेत, फीत कमरेला पुरत नाही. मागे उघडी माणसं थंडीत कुडकुडताहेत, कारण त्यांचेच कोट उसवून याचा एक कोट शिवताहेत. आणि तो म्हणतोय, जरा सैलच ठेवा.

उद्घाटनाला आलेले एक माननीय या चित्रासमोर थांबले. थांबले ते थांबलेच. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी चित्र भिंतीवरून खाली आलं आणि बाईंच्या दारात पत्र गेलं: सदर चित्र आपणच काढल्याचा संशय आहे.

शेवटचा खिळा निघाला. बाईंनी कागद दोन्ही तळव्यांवर उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

“या रेघा बघा, जाळीच्या. हाताने गाळलेला कागद आहे. आणि इथे कडेला पत्र्याचा दाब बसलाय, बोट फिरवा. तिन्ही बाजूंना आहे. चौथीला नाही, कारण चौथी बाजूच नाही! खाली छापणाऱ्याचं नाव होतं, दुकानाचा पत्ता होता, महिना, वर्ष, सगळं होतं.”

“जुना कागद बाजारात मिळतो, बाई.”

“कपडे बघा त्यांचे!”

“जुने कपडे घातले म्हणून माणूस जुना होत नाही.”

बाईंनी पिशवीतून वही काढली. प्रत्येक चित्राची नोंद त्यात होती, काठावरच्या ओळीसकट, अक्षर न अक्षर उतरवून घेतलेली. अधिकाऱ्याने ते पान वाचलं. दोनदा वाचलं.

“अक्षर सुरेख आहे. तुमचंच ना?”

“माझंच.”

“मग झालं की. तुमच्याबद्दल तुम्हीच लिहिलेलं.” त्याने वही मिटून परत दिली. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, आणि वरून येणाऱ्या फोनकडे सारखा बघत होता. “हे बघा, मला यातून मोकळं व्हायचंय. तुम्हालाही व्हायचंय. काठ संग्रहालयात कापला गेला, असं म्हणता ना? कोणी कापला, नाव द्या. लेखी. त्या माणसाला आज घरी पाठवतो, चित्र खराब केलं म्हणून ठपका त्याच्यावर, तुमचं चित्र तुम्हाला परत. नाव नसेल तर हा माफीनामा तयार आहे. सही करा, चित्र आम्ही नष्ट करू. दोन्ही नको असेल तर प्रकरण पोलिसांकडे. दहा मिनिटं देतो.”

बाई बाहेर आल्या. बाकावर बसल्या, उठल्या, नळावर जाऊन पाणी न पिताच परतल्या. भाची भिंतीला टेकून उभी होती. धाकट्या बहिणीची मुलगी. संग्रहालयात कंत्राटावर, दर सहा महिन्यांनी तिची नेमणूक नव्याने व्हायची आणि दर सहा महिन्यांनी घरात कोणाला धड जेवण जात नसे. प्रदर्शनाची कल्पना तिचीच. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी तिने बोटाला इतकी गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

“काय म्हणाले?”

“कापणाऱ्याचं नाव द्या म्हणाले. देते की! तुमच्या त्या चौकटवाल्याचं. मेल्याचे हात झडले कसे नाहीत! काठ कापणं म्हणजे काय असतं माहितीये का त्याला? नाक कापणं परवडलं. त्याचं नाव काय गं?”

भाचीने दोरीचा आणखी एक वेढा घेतला.

“नाव काय त्याचं?”

“मावशी, त्याने नाही कापलं.”

बाईंच्या चपला जागच्या जागी थांबल्या.

“चौकटी सगळ्या एकाच मापाच्या आल्या. अकरा बसली. हे दोन बोटं मोठं होतं, आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी. संग्रहालयातले आमचे साहेब म्हणाले, काहीही कर, भिंत रिकामी नको. खाली नुसती बारीक अक्षरं होती. मला वाटलं, चित्र तर वरच आहे...”

“तुकडा कुठाय?”

“केरात गेला. मी दुसऱ्या दिवशी शोधला गं. देवाशप्पथ. गाडी येऊन गेली होती.”

बाईंचा हात वर झाला. मारायला झाला, की स्वतःच्या कपाळावर न्यायला, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. तो थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि मग पदराशी चाळा करत खाली आला.

“कात्रीने?”

“पात्याने. पट्टी धरून.”

“सरळ तरी कापलंस,” बाई म्हणाल्या.

भाचीला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. “तू दे माझं नाव. खरंच दे. मी दुसरं काहीतरी बघेन.”

“काय बघशील? तीन वर्षं बघतच होतीस.” बाईंनी तिच्या बोटावरची दोरी सोडवली, एक-एक वेढा करून. “इथेच थांब. आत यायचं नाही. आणि नाक पूस.”

आत कारकून संगणकासमोर तयारच बसला होता. माफीनामा टेबलावर, त्यावर पेन आडवं ठेवलेलं.

“हं, नाव?” अधिकारी म्हणाला.

“लिहून घ्या. काठ मी कापला.”

कारकुनाने मान वर केली. अधिकाऱ्याने चष्मा काढला.

“तुम्ही? आत्ता तर तुम्ही संग्रहालयाच्या नावाने बोंब मारत होतात.”

“मारली. वय झालं, विसरले. चौकटीत बसत नव्हतं, घरीच पातं फिरवलं. लिहा ना.” एकतीस वर्षांत त्यांनी चित्र पाहायला येणाऱ्या पाहुण्यालाही काठाला बोट लावू दिलं नव्हतं, आणि आता हे वाक्य सरकारी कागदावर अक्षर-अक्षर उमटत होतं.

“म्हणजे पुरावा तुम्हीच घालवलात. मग सही करा.”

“करते. आधी मसुदा वाचू दे.” बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. “‘सदर चित्रातील इसमाचे माननीयांशी साम्य असल्याने त्यांच्या भावना दुखावल्या आहेत.’ कोण माननीय?”

“म्हणजे?”

“नाव नाहीये यात. माफी कोणाची मागायची?”

“बाई, सगळ्यांना माहितीये.”

“मला नाही. मी बाई शाळेतली. मला दोनशे वर्षांपूर्वीचा एक खादाड मंत्री दिसतो, फुकटच्या कोटातला. तुम्हाला यात आपल्या कोणा माननीयांचा चेहरा दिसत असेल, तर तसं लिहून द्या. ही हनुवटी त्यांची, हे पोट त्यांचं, हे मागचे उघडे लोक त्यांचे. खाली तुमची सही, शिक्का. तो कागद हातात आला की मी लगेच माफी मागते.”

कारकुनाची बोटं कळांवरच थांबली. फोन वाजला. अधिकाऱ्याने तो उचलला नाही. तो पहिल्यांदाच चित्राकडे नीट बघत होता, आणि त्याच्या ओठाचा एक कोपरा सावरता सावरत नव्हता. फोन वाजून वाजून बंद पडला.

“याला काय अर्थ आहे?” तो हळूच म्हणाला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चित्र त्याच्याकडे तोंड करून फिरवलं आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं.

“बोला साहेब. कोणासारखा दिसतो?”