ताणलेला पुठ्ठा

रायलीने भिंतीवर टकटक केली आणि कान लावला. मग तळहात टेकवला. भिंतीवर ताणून लावलेला पुठ्ठा अजून गार होता, ओलसर.

"काल लावलास?"

"परवा," ओइवा म्हणाला. "कॉफी निवतेय बघ."

हेलसिंकीतलं बिऱ्हाड मोडून रायली उतारवयात माहेरी राहायला आली होती. आता दुसरं घर तिला उरलं नव्हतं. धाकटा भाऊ ओइवा उद्या मुलीकडे कायमचा जाणार होता. आईचं कपाट त्याने आधीच तिकडे पाठवलं होतं. आणि नेमकी त्या कपाटामागची, रायलीच्या लहानपणच्या खोलीतली भिंत तेवढी नव्या पुठ्ठ्याने झाकलेली! कुठेतरी पाणी मुरत होतं. आतले भिंतीचे लाकडी ओंडके कुजले असणार, दुसरं काय?

"काय गं शब्दकोशवाल्या बाई," ओइवाने खोडी काढली, "जन्मभर शब्द फोडत बसलीस. ह्या पुठ्ठ्याला म्हणतात तो पिंकोपाह्वी शब्द कुठून आला, सांग की."

"पाह्वी म्हणजे पुठ्ठा. तो शब्द बाहेरून आलेला. पिंको आपला, ताणण्यातला. भिजवायचा, कडेने खिळे मारायचे, वाळताना आपला आपण ताणला जातो." ती थांबली. "कसा लावायचा ते शब्दात आहे. खाली काय झाकलंय ते नाही."

"भिंत आहे, बाई. भिंत!"

"कुजकी?"

"ओंडके ठणठणीत आहेत."

"मग झाकलीस कशाला?"

ओइवा कॉफी ढवळत राहिला. तिच्यात साखर नव्हती.

खिडकीत त्याचा चाकू पडला होता. रायलीने तो उचलला आणि पुठ्ठा वरपासून खालपर्यंत फाडला.

ओंडके कोरडे होते. चाकूचं टोकसुद्धा आत शिरेना. तिने फट आणखी रुंद केली, आणि तिचा हात थबकला. तिच्या खाटेचं उसं असायचं तिथे लाकडात कुऱ्हाडीचे तीन खोल घाव होते. वडील पिऊन आले होते, ती रात्र. दुसऱ्या दिवशी आईने कपाट तिथे सरकवलं होतं.

"तू इथे झोपणार ना," ओइवा म्हणाला. "म्हणून."

रायलीला स्वतःची लाज वाटली. तिने पुठ्ठ्याच्या फाटक्या कडा एकमेकींना जुळवून बघितल्या.

"हा परत ताणला जाईल?"

"फाटलेला नाही ताणला जात. नवा लागेल. कोठारात आहे एक."

तिने चाकू मिटून खिडकीत ठेवला आणि दाराजवळची बादली उचलली.

"तू पुठ्ठा आण, मी पाणी आणते. आणि उद्या जाऊ नकोस, ओइवा. वाळेपर्यंत थांब."