उन्हाच्या घरातील ठेंगणा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मला भिंतीशी पक्के जखडले असल्यामुळे मी स्वतः कोठेही गेलो नाही. परंतु माणसे मात्र माझ्यावर पुष्कळ बसून गेली.

माझा जन्म एका ठेंगण्या बाईच्या हट्टातून झाला. तिचे यजमान दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त होताना हाती आलेली रक्कम बँकेत ठेवावी की दुकानाच्या गाळ्यात घालावी, ह्याचा बराच काथ्याकूट करून त्यांनी अखेर हे तिसऱ्या मजल्यावरचे घर घेतले. तोवर ती दोघे तळमजल्यावरील दोन अंधाऱ्या खोल्यांत राहत असत. बाई शिंप्यांकडील कपड्यांना काजे करी आणि तिला भर दुपारीही दिवा लावावा लागे. ह्या खिडकीत मात्र सकाळचे ऊन थेट मांडीवर येई.

"मावशी, एवढा बुटका बाक करू?" सुताराने विचारले. "बसणाऱ्याचे गुडघे नाकाला लागतील!"

"माझे पाय भुईला टेकू देत. तुमच्या नाकाचं तुम्ही बघा," बाई म्हणाली.

सुतार हसत हसत कामाला लागला. तिच्या मापाने मी घडलो, ह्याचा मला आजही अभिमान वाटतो.

परंतु माझा रंग वाळतो न वाळतो तोच दलाल दारात उभा! "काका, असली हवेशीर जागा स्वतः राहून वाया घालवता? लांब मुदतीचा भाडेकरू देतो. भाडं येत राहील, घराची किंमतही वाढेल."

यजमान माझ्यावर बसून विचारात पडले. त्यांना मूलबाळ नव्हते. म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्यांची धास्ती होती. लोभ त्यांच्या ठायी नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

"थोडी वर्षं कळ काढू," ते बायकोला म्हणाले. "मग इथंच राहायला येऊ."

"येऊ की. मी कुठं पळून चाललेय?"

मग भाडेकरू आले. कोणी माझ्यावर तापलेले पातेले ठेवून काळे वर्तुळ उमटवले. एका मास्तरांनी मात्र वाचनासाठी ह्याहून उत्तम जागा नाही, असे माझे कौतुक केले. भाडेकरू बदलला की मधल्या दिवसांत बाई झाडलोट करायला येई. झाडलोट चटकन आटोपे. मग ती सुईदोरा काढून माझ्यावर बसे, दोन्ही पावले भुईला टेकवी आणि ऊन सरेपर्यंत काजे करी. घर रिकामे पडले म्हणून यजमानांचा जीव खालीवर होई. मला मात्र वाटे, नवा भाडेकरू मिळूच नये!

कालांतराने साठलेल्या भाड्यातून दुसरे घर घ्यायचे ठरले. ते बोळात होते व समोरच्या भिंतीमुळे तेथे उजेड नव्हता.

"ते भाड्यानं द्या आणि आपण इथं येऊ या," बाई म्हणाली.

"अगं, त्या अंधारकोठडीला कितीसं भाडं येणार? पैसा खेचतं ते हे घर. हेच आपण अडवून बसलो, तर मेळ कसा बसायचा?"

"मी एवढीशी बाई. मी अशी किती जागा अडवणार हो?"

दोघेही हसले. ती हसली म्हणजे तिला पटले, असे यजमानांनी धरले. मित्रांनो, हे घर भाड्यानेच ठेवण्याचा तो निर्णय हिशेबाच्या दृष्टीने चोख होता; म्हणूनच त्यातील खोट कोणाला दिसली नाही.

पुढे एकदा ती झाडलोटीला आली, तेव्हा सुईत दोरा ओवेना. "आज ढग आलेत वाटतं," ती स्वतःशीच पुटपुटली. ऊन तर माझ्या फळीवर चटके देत होते! मी सांगणार कसा? बाकाला पाय असतात, जीभ नसते.

त्यानंतर आलेल्या भाडेकरूपुढे एके दिवशी यजमान हात जोडून उभे राहिले, तेव्हा मला सारे उमगले. बाईला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती.

"अंधारात शिवल्यामुळं झालं का?" भाडेकरूने विचारले.

"डॉक्टर म्हणतात, त्याचा काही संबंध नाही. पण तेवढ्यानं मी सुटत नाही. तिला दिसत होतं, तेव्हा हे घर मी दुसऱ्यांना दिलं."

भल्या भाडेकरूने घर सोडले. आता ती दोघे येथेच राहतात. रोज सकाळी यजमान तिला हात धरून माझ्यावर आणून बसवतात.

मित्रांनो, म्हातारपणाची तरतूद अवश्य करा, घरेही भाड्याने द्या. परंतु आपल्या माणसाचे जे सुख तुम्ही उद्यावर टाकत आहात, ते उद्यापर्यंत टिकेल काय, हे आधी त्याच्याजवळ बसून विचारा.

आज सकाळी बाई म्हणाली, "अहो, खाली कोण हसतंय?"

यजमान खिडकीशी गेले. "दोघीजणी चादर पिळतायत. एकीच्या तोंडावर पाणी उडालं."

"कसल्या रंगाची चादर?"

"निळी," ते म्हणाले. मग गजांना कपाळ टेकून वाकले. "म्हणजे… अगदी निळी नाही. थांब हं, नीट बघून सांगतो."