बांगडे आणि गुडघे

मासे खाणाऱ्या माणसाचा गुडघा दुखत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य मुलुंडच्या ‘प्राजक्तछाया’ सोसायटीने अखिल मानवजातीला बहाल केलं. मानवजातीपैकी सभेला नऊ जण हजर होते. दहावे गुणाजी गुडघा चोळत अजून जिन्यातच होते.

सोसायटीला लिफ्ट नाही. दोनपैकी एका विंगच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, दम खायला बाकडं मिळणार होतं. चौथ्या मजल्यावरच्या गुणाजींचा त्याच्यावर कधीपासून डोळा. पण सेक्रेटरी अनिरुद्धने घरोघरी फॉर्म भरून घेतले होते. गुणाजी सभेत पोचताच त्याने कागद पुढे केला.

“हे बघा काका. तुमची ए विंग : मासे खाणारे साठ टक्के, गुडघे दुखणारे तीस. बी विंग : मासे दहा, गुडघे पन्नास. बाकडं बीला.”

“अरे, पण माझा दुखतोय ना!”

“तुमच्या विंगचा दुखत नाही.”

गुणाजी चक्रावले. घरी येऊन बायकोला म्हणाले, “शेवंती, माझो गुडघो दुखता काय गे?”

“माका काय इचारतास? गुडघो तुमचो!” शेवंतीबाई म्हणाल्या. “बांगडे कमी पडत असतील. जावा, घेऊन येवा.”

पिशवीभर बांगडे घेऊन परतताना दुसऱ्या मजल्यावर गुडघ्याने संप पुकारला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू किरण दोन-दोन पायऱ्या गाळत वर निघाला.

“किरण, तू कुठला मासा खातोस रे?”

“मी? काका, मी अंडंपण खात नाही. आम्ही रूमवरचे सगळेच प्युअर व्हेज!” आणि तो दिसेनासा झाला.

मागून अनिरुद्ध नोटीस चिकटवायला आला. गुणाजींनी त्याला पकडलं. “अरे, ठणठणीत आहेत ती ही घासफूस खाणारी पोरं! मी, सीताराम, मालनवहिनी, आम्ही सगळे मासे खाऊन लंगडतोय.”

“किरण अपवाद आहे, काका.”

“आणि मी?”

“तुम्हीही.”

“सीताराम? मालनवहिनी?”

“अपवादच. पण विंग बरोबर आहे.”

अपवाद वगळून विंगमध्ये कोण उरतं, हे गुणाजींनी बोटांवर मोजायला घेतलं. बोटं उरली, माणसं संपली. ते पायरीवरच बसले, बाकडं ए विंगला मिळालं असतं तर जिथे आलं असतं, तिथेच.

“बरं बाबा,” ते म्हणाले, “तू वर चाललायस ना? एवढी बांगड्यांची पिशवी चौथ्या मजल्यावर देशील?”