चमच्यावर काय टिकतं

मी या घरातल्या धाकट्याचा चमचा बोलतोय. चमचा म्हटल्यावर हसू नका. मी कोणाची हांजी हांजी करत नाही. उलट माझा कोणावर विश्वासच नाही.

कारखान्यात पत्र्यातून कापून, ठोकून मला घडवलं. धाकटा वरचं खायला लागला तेव्हा त्याच्या आईने मला विकत आणलं. ती दिवसभर शिवणाच्या कारखान्यात असते. भरवते ती आत्या.

दीड वर्षाचा झाला तरी पोरगा उभा राहीना. केस विरळ, तांबूस झाले. खोकला हटेना. भिंतीला टेकून नुसता बसायचा. रडायचंही त्राण नव्हतं.

वाटी रोज भरून यायची, रोज रिकामी व्हायची. मग अन्न मुरतं कुठे? मला आधी मांजराचा संशय आला. मग मोठ्या बहिणीचा; तिने एकदा बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. आईची नजर मात्र आत्याच्या गुबगुबीत गालांवर.

"ताई, खरं सांगा. पोराच्या तोंडचं जातं कुठे?"

"माझ्या घशाखाली उतरेल का गं ते?" आत्या म्हणाली आणि रडत रडत गावी जायला कपडे भरू लागली. मला ते रडणंही खोटं वाटलं.

तेवढ्यात आरोग्यसेविका आली. तिने पोराच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. पट्टी लाल रंगावर थांबली.

"लेकरू कुपोषित आहे. आजच दवाखान्यात न्या. आणि याचं जेवण दाखवा."

आत्याने वाटी पुढे केली. सेविकेने मला बुडवून बाहेर काढलं, तिरकं केलं. सगळं ओघळून गेलं.

"हे गाळता?"

"फडक्यातून. कण घशात अडकला तर? माझं पहिलं लेकरू तसंच गेलं."

आईने आत्याचे भरलेले कपडे परत बाहेर काढले. चोर घरात नव्हताच. पोट पाण्याने भरत होतं, अंगी काही लागत नव्हतं.

"मऊ कुस्करा, थोडं तेल घाला, पण घट्ट द्या. चमच्यावर टिकेल ते जेवण."

दवाखान्यातून आल्यावर आत्या मला हात लावेना. "तूच भरव बाई."

आईने मला आत्याच्याच मुठीत दिलं. "तुमच्याच हातचं खातो तो, ताई."

आत्याने माझ्यावर घट्ट घास घेतला आणि पोराच्या तोंडाशी नेला. पोराने गिळलं. दोघी त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. तुम्हीही रिकाम्या वाटीवर विसंबू नका. तोंडाशी जाताना माझ्यावर काय आहे ते बघा. चला, येतो मी. त्याने पुन्हा तोंड उघडलंय.